घरातले टपालघर

तुम्ही मामाला ई-मेल पाठवता. तुम्हाला वाटते की पत्र आपल्या घरून निघाले आणि मामाच्या घरी पोहोचले. प्रत्यक्षात तसे काही घडत नाही. तुमचे पत्र आधी एका मोठ्या कंपनीच्या संगणकावर जाते. तेथून ते मामाचे खाते ज्या कंपनीत असेल तिच्या संगणकावर जाते, आणि मामा फोन उघडतो तेव्हा त्या दूरच्या संगणकावरची प्रत त्याला दाखवली जाते. दोघांची खाती एकाच कंपनीत असली तर पत्र त्या कंपनीच्या बाहेर पडतसुद्धा नाही. पत्र तुमचे, पेटी मात्र परक्याच्या वाड्यात, अशी ही व्यवस्था आहे.

हे असेच असले पाहिजे असा काही नियम आहे काय? मुळीच नाही. ई-मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते ते नियम जाहीर आहेत. ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. हे नियम पाळणारा जगातला कोणताही संगणक टपालघर होऊ शकतो. मग तुमच्या घरातला का होऊ नये? या प्रश्नाचे उत्तर मोठे मजेदार आहे. पत्रे घेणारे टपालघर घरी उघडणे बरेच सोपे आहे. पत्रे पाठवणारे टपालघर उघडणे मात्र कठीण आहे. एकाच यंत्राच्या दोन कामांत एवढा फरक का पडावा, ते आज आपण पाहू.

यंत्रे काय बोलतात?

टपालघर म्हणजे 'मेल सर्व्हर'. हे काही निराळे यंत्र नसते. साध्या संगणकावर एक आज्ञावली रात्रंदिवस चालू ठेवायची, एवढेच. ती आज्ञावली २५ क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसलेली असते. संगणकाला अशी ६५,५३६ दारे असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. प्रत्येक कामाचे दार ठरलेले असते आणि टपालाचे दार २५ वे. या कामासाठी पोस्टफिक्स नावाची आज्ञावली फुकट मिळते. वीत्से व्हेनेमा या संगणकशास्त्रज्ञाने ती लिहिली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. आलेली पत्रे फोनवर वाचता यावीत म्हणून डव्हकॉट नावाची दुसरी आज्ञावली तिच्या जोडीला लागते.

यंत्रही मोठे लागत नाही. तळहाताएवढा रास्पबेरी पाय पुरतो. तो सुमारे ५ वॅट वीज घेतो असे धरा. चोवीस तासांत १२० वॅट-तास, म्हणजे महिन्याला ३.६ युनिट. घरातला पंखा याहून कितीतरी अधिक वीज खातो.

आता एक टपालघर दुसऱ्याला पत्र कसे देते ते ऐका. समजा, तुमच्या टपालघराचे नाव 'घर.टेस्ट' आणि मामाच्या टपालघराचे 'गाव.टेस्ट' आहे. ('टेस्ट' हा शेवट चाचण्यांसाठी राखून ठेवलेला आहे, म्हणून उदाहरणाला तो बरा.) तुमचे यंत्र मामाच्या यंत्राचे २५ वे दार ठोठावते आणि पुढील संभाषण सुरू होते. आज्ञा रोमन अक्षरांत असतात. येथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

मामाचे यंत्र: २२०, गाव.टेस्ट तयार आहे.
तुमचे यंत्र: हेलो घर.टेस्ट
मामाचे यंत्र: २५०, ठीक.
तुमचे यंत्र: मेल फ्रॉम: भाची@घर.टेस्ट
मामाचे यंत्र: २५०, ठीक.
तुमचे यंत्र: आरसीपीटी टू: मामा@गाव.टेस्ट
मामाचे यंत्र: २५०, ठीक.
तुमचे यंत्र: डेटा
मामाचे यंत्र: ३५४, मजकूर सांगा, संपला की एका ओळीत एकटे पूर्णविराम-चिन्ह द्या.
(येथे तुमचे पत्र जाते आणि शेवटी टिंब.)
मामाचे यंत्र: २५०, स्वीकारले.
तुमचे यंत्र: क्विट
मामाचे यंत्र: २२१, निरोप घेतो.

बस्स! जगातला प्रत्येक ई-मेल एका टपालघरातून दुसऱ्यात जातो तो मुख्यतः याच संभाषणाने. आज्ञा चार अक्षरी ठेवण्याच्या रिवाजापायी इंग्रजी 'हेलो'तला एक 'एल' गाळलेला आहे. आजकाल त्याऐवजी 'एहलो' म्हणतात आणि बोलणे चोरून ऐकता येऊ नये म्हणून ते सांकेतिक लिपीत चालते, पण गाभा तोच. उत्तरांचे आकडेही लक्षात ठेवण्याजोगे आहेत. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे 'झाले', ४ ने सुरू होणारे म्हणजे 'आत्ता नाही, पुन्हा या', आणि ५ ने सुरू होणारे म्हणजे 'नाही, आणि पुन्हा येऊही नका'.

हे संभाषण पुन्हा एकदा वाचा. त्यात काहीतरी खटकते काय? तुमच्या यंत्राने 'भाची@घर.टेस्ट' असे सांगितले आणि मामाच्या यंत्राने 'ठीक' म्हटले. ते खरेच भाचीचे पत्र आहे का, हे कोणी विचारलेच नाही! त्या जागी कोणाचेही नाव घातले असते तरी उत्तर 'ठीक' असेच आले असते. शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही कोणीही करावी आणि कारकुनाने ती चालवून घ्यावी, तसाच हा प्रकार झाला.

हा भोळेपणा कोठून आला?

१९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज गावी रे टॉमलिन्सन या अभियंत्याने शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन संगणकांमध्ये एक संदेश पाठवला. तो संदेश अर्पानेट नावाच्या जाळ्यातून फिरून दोन हात अंतरावरच्या यंत्रात आला. व्यक्तीचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह घालण्याची कल्पनाही त्याचीच. पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संस्थेतील जॉन पोस्टेल याने टपालाचे नियम लिहून काढले. आपण वर ऐकलेले संभाषण त्या नियमांतलेच आहे. त्या काळी जाळ्यावर संस्था थोड्या, आणि त्या बहुधा विद्यापीठे, प्रयोगशाळा किंवा सरकारी कचेऱ्या. खोटे नाव सांगून कोण काय मिळवणार होते? ओळखीच्या आळीत दाराला कडी कोण लावतो? प्रत्येक संस्थेचे टपालघर तिच्याच इमारतीत असे. आपल्याकडेही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अर्नेट प्रकल्पातून मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, आयआयटी अशा मोजक्या संस्था जोडल्या गेल्या, त्याही अशाच, आपापले टपालघर घेऊन. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट भारतात आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

खरे तर धोक्याची घंटा पोस्टेलच्या नियमांपूर्वीच वाजली होती. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क या विक्रेत्याने अर्पानेटवरील सुमारे ४०० जणांना आपल्या संगणकांची जाहिरात एकदम पाठवून दिली. लोक चिडले, त्याला समज मिळाली, आणि प्रकरण तेथेच मिटले. नको असलेल्या पत्रांचा, म्हणजे 'स्पॅम'चा हा पहिला मोठा नमुना मानला जातो. साध्या टपालात पत्रागणिक तिकीट लागते, म्हणून जाहिरातवाला हात आखडता घेतो. ई-मेलला तिकीट नाही. एक पाठवा की दहा लाख, खर्चात नाव घेण्याजोगा फरक नाही. फुकटचे दार आणि न तपासलेली सही एकत्र आल्यावर काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पत्र घरापर्यंत कसे येते?

मामाच्या यंत्राला तुमचे यंत्र सापडते कसे? त्यासाठी इंटरनेटची नामसूची आहे. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस याने ती योजली. तिला 'डीएनएस' म्हणतात. नाव विचारले की ती पत्ता सांगते. १९८६ पासून तिच्यात टपालासाठी वेगळी नोंद असते: 'या नावाची पत्रे अमुक यंत्राकडे द्या.' वर्षाला काही शे रुपये भरून तुम्ही स्वतःचे नाव नोंदवलेत की ही नोंद तुमच्या हाती येते.

येथे घरच्या जाळ्याची पहिली अडचण उभी राहते. तुमच्या घरातील फोन, संगणक, दूरचित्रवाणी संच यांना राउटर जे पत्ते देतो ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. शेजारच्या घरातही नेमके तेच पत्ते असतात! ते पत्ते 'आतली खोली', 'माजघर' अशा नावांसारखे आहेत. घरात पुरतात, पोस्टमनला त्यांचा उपयोग नाही. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता घराला एकच असतो. म्हणून राउटरला सांगून ठेवावे लागते की २५ व्या दारावर कोणी आले तर त्याला रास्पबेरी पायकडे पाठव.

पण पुष्कळ घरांना तो एक पत्तासुद्धा स्वतःचा नसतो. जुन्या पद्धतीचा पत्ता ३२ अंकस्थानांचा, प्रत्येक स्थानी ० किंवा १. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. जगाची लोकसंख्या पाहा आणि घरागणिक यंत्रे मोजा, म्हणजे हे पत्ते कसे पुरणार ते कळेल. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. म्हणून सेवा पुरवणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. चाळीला एकच क्रमांक आणि आत कोण राहतो ते फक्त मालकाला ठाऊक, अशी ही स्थिती आहे. तुमच्या राउटरच्या माहितीपानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही, किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही अशा चाळीत आहात असे समजा. तेथे बाहेरून कोणालाही तुमचे दार ठोठावता येत नाही. जादा पैसे भरून स्वतंत्र, न बदलणारा पत्ता घेणे हा एक उपाय. १२८ अंकस्थानांच्या नव्या पत्त्यांना तुटवडा नाही, पण जुन्याच पत्त्यावर चालणारी टपालघरे अजून पुष्कळ असल्याने केवळ नव्या पत्त्यावर भागत नाही.

ही अडचण ओलांडली की पत्रे येऊ लागतात. मग वीज गेली तर? पत्रे हरवणार काय? येथे जुन्या नियमकर्त्यांचे कौतुक करावेसे वाटते. पाठवणाऱ्या यंत्राला तुमचे दार बंद आढळले तर ते पत्र फेकून देत नाही. ते आपल्याजवळ ठेवते आणि काही वेळाने पुन्हा येते. निदान चार-पाच दिवस प्रयत्न सोडू नये, असे नियमच सांगतात. मे महिन्याच्या वादळात आमच्याकडे दीड दिवस वीज नव्हती. ती आल्यावर दोन-तीन तासांत अडकलेली सर्व पत्रे एकेक करून दाखल झाली. तारा जुळवणाऱ्याने तारा तुटणार हे आधीच धरून चालावे, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते.

पाठवताना काय होते?

आता उलट बाजू पाहा. तुमचे नाव, तुमचे यंत्र, सर्व काही ठाकठीक आहे. तुम्ही पत्र पाठवता आणि ते निघतच नाही. कारण पुष्कळ इंटरनेट कंपन्या घरगुती जोडणीवरून बाहेरच्या २५ व्या दाराकडे जाणारी वाट बंदच ठेवतात. हा दुष्टपणा नव्हे. घराघरांतल्या संगणकांत घातक आज्ञावल्या शिरल्या आणि मालकाच्या नकळत ते संगणक हजारोंनी स्पॅम पाठवू लागले, तेव्हा हा बंदोबस्त आला.

समजा, वाट उघडी आहे. तरी समोरचे यंत्र आधी तुमचा पत्ता काळ्या यादीत पाहते. १९९८ पासून काम करणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या याद्या पुष्कळ टपालघरे वापरतात. त्यांतली एक यादी केवळ घरगुती पत्त्यांची असते. तिच्यात तुम्ही काही गुन्हा केला म्हणून येत नाही; 'या पत्त्यांवरून थेट टपाल येण्याचे कारण नाही' एवढ्यासाठी येता.

यानंतर सहीची तपासणी. पोस्टेलच्या नियमांतील उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन जोड दिले गेले. एसपीएफ या पहिल्या जोडात तुम्ही नामसूचीत जाहीर करता की माझ्या नावाची पत्रे अमुक पत्त्यावरूनच निघतात. दुसरा डीकेआयएम. तो गणिताची आवड असणाऱ्यांना विशेष रुचेल. तुमच्या यंत्राजवळ एक गुप्त किल्ली असते आणि तिची जोडीदार जाहीर किल्ली नामसूचीत टांगलेली असते. पत्राच्या मजकुरावरून यंत्र एक संख्या काढते आणि गुप्त किल्लीने तिच्यावर मोहोर उठवते. जाहीर किल्लीने ती मोहोर कोणालाही तपासता येते, पण उठवता मात्र येत नाही. वाटेत एक अक्षर बदलले तरी मोहोर जुळत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेली ही युक्ती दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर उभी आहे. गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या हुडकणे महाकठीण. २०४८ अंकस्थानांची किल्ली आपल्या दशमान पद्धतीत लिहिली तर ६१७ आकडी संख्या होते! तिसरा जोड डीएमएआरसी. पहिल्या दोहोंची तपासणी फसली तर पत्राचे काय करावे, ते त्यात नावाचा मालक सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांवर या बाबतीत पूर्वीपेक्षा कडक अटी घातल्या आहेत.

हे तिन्ही जोड तुम्ही घरबसल्या, एका दुपारी लावू शकता. अडते ते पुढेच. समोरचे यंत्र नामसूचीला उलटा प्रश्नही विचारते: 'या पत्त्यावर कोण राहतो?' या उत्तराची नोंद तुमच्या हाती नसते. ती पत्त्याच्या मालकाच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या हाती असते. आणि हेही जमले तरी लौकिक उरतोच. रोज कोट्यवधी पत्रे पाठवणाऱ्या कंपनीचा इतिहास समोरच्याला ठाऊक असतो. आठवड्याला दहा पत्रे पाठवणाऱ्या तुमच्या यंत्राला इतिहासच नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर नमुना इतका लहान की त्यावरून निष्कर्ष निघत नाही. निष्कर्ष निघाला नाही की यंत्र संशय धरते.

याचा अनुभव मला आहे. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीसाठी मी घरच्या टपालघरातून शिफारसपत्र पाठवले. तिन्ही जोड बिनचूक होते; समोरच्या यंत्राने '२५०, स्वीकारले' असे उत्तरही दिले. मुदत संपायला दोन दिवस उरले असताना तिचा फोन आला: 'सर, पत्र मिळाले नाही म्हणतात.' ते स्पॅमच्या पेटीत पडून होते. मी ते महाविद्यालयाच्या खात्यावरून पुन्हा पाठवले आणि काम झाले. पण '२५०' चा अर्थ किती मर्यादित आहे ते यात दिसते. यंत्राने पत्र घेतले, एवढेच तो आकडा सांगतो. माणसाने ते पाहिले की नाही, याविषयी तो काहीच बोलत नाही.

म्हणून माझ्या घरी आता अशी वाटणी आहे: पत्रे थेट घरी येतात, आणि जाताना ती ५८७ व्या दाराने, परवलीचा शब्द सांगून, पैसे घेऊन टपाल वाहणाऱ्या एका सेवेच्या हाती दिली जातात. पेटी माझी, हमाल भाड्याचा. काही जाणकार याला अर्धवट स्वातंत्र्य म्हणतील. मला ते पुरते. जुनी पत्रे माझ्या कपाटावरच्या यंत्रात आहेत, खाते कोणी बंद करील ही धास्ती नाही, आणि ती दर रविवारी दुसऱ्या तबकडीवर उतरवून ठेवणे हे काम मात्र माझे मलाच करावे लागते. बँकेची पत्रे मी अजूनही या पेटीत घेत नाही.

आणखी एक सांगितले पाहिजे. २५ वे दार बाहेरच्यांसाठी उघडले त्या पहिल्याच दिवशी यंत्राच्या नोंदवहीत अनोळखी पत्त्यांची रांग लागली. काही परवलीचे शब्द ओळखू पाहत होते. काही माझ्या टपालघरातून तिसऱ्याच कोणाला पत्र पाठवता येते का, ते चाचपत होते. कोणाचेही पत्र कोणालाही पोहोचवणारे टपालघर म्हणजे स्पॅमवाल्यांची धर्मशाळाच. अशी धर्मशाळा चालवणाऱ्याचा पत्ता काही तासांत काळ्या यादीत जातो आणि तोवर शेकडो लोकांना उपद्रव होऊन गेलेला असतो. त्यामुळे शालेय विद्यार्थ्यांनी सुरुवात घराच्या चार भिंतींतच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

करून पाहा

रास्पबेरी पायवर किंवा जुन्या संगणकावर पोस्टफिक्स बसवा. ते फक्त घरातल्या जाळ्यापुरते ठेवा. राउटरवरचे दार उघडू नका. मग दुसऱ्या संगणकावरून 'टेलनेट' ही आज्ञा वापरून त्याचे २५ वे दार ठोठावा आणि वरचे संभाषण स्वतः टंकून पाहा. '२२०' असे उत्तर पडद्यावर उमटते तेव्हा यंत्र आपल्याशी बोलल्याचा आनंद होतो. पाठवणाऱ्याच्या जागी 'न्यूटन@केंब्रिज.टेस्ट' असे लिहा आणि यंत्र काय म्हणते ते पाहा. (हा खेळ घरातच. दुसऱ्याच्या नावाने फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे.) नंतर अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीला पत्र लिहून ५५० हे उत्तर मिळवा.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गातही करून दाखवता येईल. पत्रात 'मराठी' हा शब्द लिहून ते दुसऱ्या कोणाच्या खात्यावरून मागवले आणि यंत्रात जसेच्या तसे उघडले, तर त्या शब्दाच्या जागी पुष्कळदा रोमन अक्षरांची आणि आकड्यांची निरर्थक माळ दिसते. १९८२ चे नियम फक्त रोमन लिपी जाणत होते. १९९२ मध्ये आलेल्या सुधारणेने इतर लिपींना वाट करून दिली, ती अशी वेषांतर करून. 'मराठी' शब्दात म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हे. प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे १५. वेषांतरात दर ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणजे २०.

ज्यांच्याजवळ जादा यंत्र नाही त्यांनी आपल्या नेहमीच्या खात्यातील एखादे पत्र संगणकावर उघडावे आणि 'मूळ स्वरूप दाखवा' अशा अर्थाची सोय शोधावी. पत्राच्या माथ्यावर 'रिसीव्हड' ने सुरू होणाऱ्या काही नोंदी दिसतील. वाटेतले प्रत्येक टपालघर आपला शिक्का आधीच्या शिक्क्यांच्या वर मारते, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. प्रत्येकीत यंत्राचे नाव आणि वेळ असते. काहींत ती +०५३० अशी आपली, काहींत -०७०० अशी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची. सर्व वेळा एकाच घड्याळात आणून वहीत लिहा, आणि पत्र कोणत्या टपालघरात सर्वांत जास्त वेळ थांबले होते ते शोधून काढा.